जुन्या बाजारातलं शिकारीचं चित्र: शाईचं की छापील? जाणकारांनी मदत करा

औग्सबुर्गकर

नमस्कार मंडळी. सात वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा काढायची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

मी दक्षिण जर्मनीत औग्सबुर्गला असतो. गेल्या शनिवारी मुलासाठी जुनी सायकल बघायला जुन्या बाजारात गेलो आणि सायकलऐवजी बगलेत एक फ्रेम घेऊन घरी आलो. ४० युरो. पुढे घरात काय झालं ते लिहीत नाही.

चित्र आडवं आहे, साधारण ३३ बाय २४ सेंटिमीटर. तपकिरी शाई. उजव्या कडेला एक अवाढव्य ओक, जवळजवळ काळाच. त्याच्या आडून तीन घोडेस्वार बाहेर पडतायत, एकाच्या तोंडाला शिंग. डावीकडे तळं आणि त्यात छातीपर्यंत पाण्यात उभा असलेला शिंगंवाला हरणाचा नर, मान मागे वळवलेली. कुत्रे पोहत त्याच्याकडे निघालेत, काही काठावरच भुंकतायत. मध्ये एक माणूस गुडघाभर पाण्यात, हातात आखूड तलवार. मागे झाडी विरळ, फिकट होत जाते आणि अगदी शेवटी चर्चचं टोक आहे, नखाएवढं. सही कुठेच नाही. मागच्या फळीवर पेन्सिलीने एक आकडा लिहिलाय.

विकणारे आजोबा म्हणाले, "बारोक, सेपिया, अस्सल." या तीन शब्दांपैकी खरे किती? फोटो जोडले आहेत.

निवांत पोपट

फोटो दिसत नाहीत.

सायली_सातारा

मला दिसले. पोपटराव, ब्राउझर बदला.

औग्सबुर्गकर, ४० युरोत सायकल आली असती. वहिनींना आमचा जाहीर पाठिंबा.

बोरूबहाद्दर

मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करतो. मोडी दफ्तरं जास्त, चित्रं कमी. तरी शाई आणि कागद इथूनतिथून सारखेच, म्हणून लिहितो.

आधी 'सेपिया'चं. सेपिया म्हणजे माकुळ या समुद्रजीवाच्या पिशवीतली शाई. चित्रकारांमध्ये ती रूढ झाली अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधीच्या तपकिरी चित्राला दुकानदार सेपिया म्हणतात ते नुसत्या रंगावरून. बारोक काळातली, म्हणजे साधारण सतरावं शतक आणि अठराव्याचा पूर्वार्ध, तपकिरी शाई बहुतेक वेळा दोनांपैकी एक असते. पहिली बिस्टर, म्हणजे बीच लाकडाच्या चुलीच्या धुराड्यातली काजळी पाण्यात उकळून गाळलेली. दुसरी लोहशाई: ओकच्या झाडावर कीटकामुळे गाठी येतात त्या गाठी, हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि डिंक. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, ती हीच जात. फक्त ओकच्या गाठीऐवजी हिरडा.

फरक असा की लोहशाई लिहिल्यावर काळी होते आणि शे-दोनशे वर्षांत तपकिरी होते. शिवाय ती कागद खाते. जिथे शाई दाट, तिथे पाठीमागे डाग उमटतो, रेषेच्या कडेने तांबूस वलय येतं, फारच झालं तर कागद रेषेवरच तुटतो. बिस्टर बिचारी निरुपद्रवी, पातळ करून फासली की उबदार पारदर्शक छटा देते.

आता तुम्ही करायचं ते. फ्रेम उघडा, पण चित्र कशाला चिकटवलं असेल तर ओढू नका. साधं दहापटीचं भिंग घ्या. तांब्याच्या पाटीवरून छापलेलं असेल तर चित्राभोवती चौकोनी दबलेली कड सापडते आणि रेषा कागदावर किंचित उठून येते. टाकाने काढलेली रेषा वेगळी: टाक दाबला की रुंद, सोडला की निमुळती, आणि शाई संपत आली की मध्येच फिकी. मग कागद उजेडासमोर धरा. जवळजवळ आडव्या बारीक रेषा आणि त्यांना काटकोनात दोन-अडीच सेंटिमीटरवर एकेक रेषा दिसली तर तो चिंध्यांच्या लगद्याचा, तारेच्या जाळीवर गाळलेला हातकागद.

आणि कृपा करून थुंकी लावून शाई तपासू नका. लोक करतात.

औग्सबुर्गकर

बोरूबहाद्दर, दंडवत! रात्री मुलं झोपल्यावर फ्रेम उघडली.

दबलेली कड नाही. रेषा तुम्ही म्हणता तशाच, जाड-बारीक. ओकच्या बुंध्यामागे कागदाला पाठीमागून तपकिरी डाग आहे, झाडाचं भूतच जणू. दूरच्या झाडांमागे मात्र काहीच नाही. उजेडासमोर आडव्या-उभ्या रेषा स्पष्ट आहेत आणि एका कोपऱ्यात वॉटरमार्कचा तुकडा दिसतो, एखाद्या ढालीचा खालचा भाग असावा.

म्हणजे हाताने काढलंय. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कुणाच्या?"

मृण्मयी

वहिनींचा प्रश्न बरोबर आहे :)

मी कलेचा इतिहास शिकवते. फोटो मोठे करून पाहिले आणि एका गोष्टीवर अडकले. पाण्यातल्या शिकाऱ्याने तलवार कोणत्या हातात धरलीय? डाव्या. म्यान कुठे लटकतंय? उजव्या कमरेला. पहिल्या घोडेस्वाराचा चाबूक? डाव्या हातात. शिंग वाजवणारा? तोही डावखुरा.

तीन-चार माणसं, सगळी डावखुरी. आता फोनमध्ये फोटो आडवा उलटा करून बघा.

सायली_सातारा

अगंबाई!! उलटा केला आणि सगळं जागेवर बसलं. स्वार डावीकडून येतात, हरीण उजवीकडे पळतंय, आपली नजरही तशीच धावते. मगाशी काहीतरी खटकत होतं ते हेच.

मृण्मयी

तेच सांगायचं होतं. तांब्याच्या पाटीवर जसं कोरलं जातं त्याच्या उलट कागदावर उमटतं. म्हणून छापचित्रासाठी कच्चं चित्र काढणारा पुष्कळदा आधीच उलटं काढतो, म्हणजे छापल्यावर माणसं उजव्या हाताने तलवार धरतील. हे चित्र भिंतीवर लावायला काढलेलं नसावं. ते एका टप्प्यावरचं काम असावं.

शिवाय गाव औग्सबुर्ग. अठराव्या शतकात हे गाव छापचित्रांचं मोठं ठाणं होतं आणि शिकारीच्या चित्रांचा तिथला राजा म्हणजे योहान एलियास रिडिंगर. जन्म १६९८, उल्म. मृत्यू १७६७, औग्सबुर्ग. तरुणपणी रेगेन्सबुर्गला एका काउंट मेटर्निखच्या पदरी तीनेक वर्षं होता, तिथे त्याने शिकारी आणि घोड्यांची शाळा जवळून पाहिली. पुढे स्वतःच चित्र काढायचा, स्वतःच कोरायचा, स्वतःच प्रकाशित करायचा. पोरगेही हाताशी. राजेलोकांच्या शिकारीवरची त्याची ३६ पाट्यांची मालिका १७२९ची आणि हरणाच्या पारफोर्स शिकारीवरची १६ पाट्यांची १७५६ची. १८५६मध्ये थीनेमान नावाच्या गृहस्थांनी त्याच्या छापचित्रांची यादी केली, ती हजाराच्या पुढे जाते.

पण लगेच उड्या मारू नका. औग्सबुर्गच्या आसपास हरीण असलेला प्रत्येक जुना कागद रिडिंगरच्या नावावर खपवला जातो.

रानवाटा

मी वन खात्यातून निवृत्त झालो. चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही. पण हरीण पाण्यात का शिरलं ते सांगतो.

आमच्याकडे नागझिऱ्याला, ताडोब्याला रानकुत्री, आम्ही कोळसून म्हणतो, सांबराच्या मागे लागली की सांबर तळ्यात शिरतं. छातीपर्यंत पाण्यात जाऊन वळून उभं राहतं. उंच जनावर तळाला पाय टेकून उभं असतं, कुत्र्याला पोहत यावं लागतं. पुढच्या पायाच्या एकेका फटक्यात कुत्रं गपगार. मी हे दोनदा पाहिलंय. एकदा सांबर तासभर तसंच उभं होतं आणि कोळसून कंटाळून निघून गेली.

या चित्रातला नर सांबराचा युरोपातला भाऊबंदच म्हणायचा. तो तसाच उभा आहे, मान अगदी तशीच मागे. ज्याने काढलं त्याने हे पाहिलेलं आहे. ऐकून काढणाऱ्याला ही मान जमत नाही.

कोपऱ्यातला काका

रानवाटासाहेब, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. वाचनखूण साठवली.

एक शंका. हे 'पारफोर्स' काय असतं?

मृण्मयी

फ्रेंच शब्द आहे. कुत्र्यांच्या जोरावर केलेली शिकार. कळपातला एकच नर आधी हेरून ठेवायचा, त्याच्या खुराचा ठसा, विष्ठा, फांद्यांवर शिंग घासल्याच्या खुणा बघून. मग फक्त त्याच्यामागे कुत्र्यांची टोळी सोडायची आणि घोड्यावरून तासन्‌तास धावायचं. बंदूक नाही. जनावर दमून वळून उभं राहिलं की शिंगावर ठराविक सूर वाजवायचा आणि मुख्य शिकाऱ्याने आखूड तलवारीने शेवट करायचा. शिंगाचे सूर ठरलेले असायचे: हरीण दिसलं, पाण्यात शिरलं, माग चुकला, मेलं. दाट जंगलात कोण कुठे आहे ते दिसत नाही, त्यामुळे ती त्यांची वायरलेस यंत्रणाच. नंतर हरणाचा उजवा पुढचा पाय कापून मानाच्या पाहुण्याला द्यायचा.

जर्मनीतली जुनी पद्धत निराळी. तिथे जंगलाचा एक भाग कापडाच्या भिंतींनी आणि जाळ्यांनी वेढायचे. हाकारे आठवडेच्या आठवडे जनावरं आत हाकत आणायचे. मग राजेसाहेब मंडपात बसून समोरून सोडलेली जनावरं मारणार.

रानवाटा

म्हणजे आपला हाकाच की. आणि वाघूर, म्हणजे शिकारीचं जाळं.

मृण्मयी

अगदी. कापड कमी पडलं तर नुसत्या दोरीवर चिंध्या लावायचे, त्या फडफडल्या की जनावर बुजून मागे फिरायचं. एखादं धीट जनावर तरीही निसटायचं. आजही जर्मनमध्ये काही हातचं गेलं की 'चिंध्यांमधून गेलं' म्हणतात. औग्सबुर्गकर सांगतील.

औग्सबुर्गकर

हो! ऑफिसात रोज ऐकतो. मागच्या महिन्यात एक कंत्राट गेलं तेव्हा साहेब हेच म्हणाले होते. चिंध्या कुठल्या ते आज कळलं.

इतिहासवेडा

अवांतर: घेराव घालून शिकार म्हटलं की अकबराची 'कमरघा' आठवते. १५६७ साली लाहोरजवळ केलेल्या कमरघ्याचं चित्र अकबरनाम्यात आहे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. घेरा आवळत आणलेला, आत हरणं एकमेकांवर कोसळतायत, मध्ये एकटा बादशहा घोड्यावर. दोन्हीकडे हेतू एकच, सत्तेचं प्रदर्शन. जंगल माझं, जनावर माझं, हाकणारी माणसंही माझीच.

साधीसरळ

सगळे कौतुक करतायत म्हणून लिहिते. एक दमलेलं जनावर, अकरा कुत्रे, तीन घोडे आणि तलवारवाला. यात बघण्यासारखं काय? मी तरी घरात लावणार नाही.

निवांत पोपट

दुसऱ्या ब्राउझरवरही फोटो दिसत नाहीत.

इतिहासवेडा

साधीसरळ, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत हे चालायचं त्यांनाही ते आवडत नव्हतं. शिकारीसाठी हरणं-डुकरं राखून ठेवलेली, ती रात्री शेतात शिरणार आणि शेतकऱ्याला त्यांना हात लावायची बंदी. वर ऐन हंगामात हाकारे म्हणून वेठबिगारी. कुत्री आणि घोडे उभ्या पिकातून जाणार. १८४८ची क्रांती झाली तेव्हा दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करायचा हा हक्क काढून घ्या ही मोठी मागणी होती, आणि तो काढलाही गेला.

चित्रात हे कुठे आहे? ते नखाएवढं चर्चचं टोक बघा. टोकाखाली गाव असणारच.

साधीसरळ

हे आवडलं. तरीही लावणार नाही :)

टवाळ_टाक

मृण्मयीताई, एक काडी टाकू का? डावखुरी माणसं म्हणजे छापण्यासाठीचं मूळ चित्र, हे पटलं नाही. त्या काळी चालत्या छापचित्रांच्या नकला सर्रास व्हायच्या. नक्कल करणारा छापील चित्र सरळ पाटीवर उतरवायचा, म्हणून नकली छाप उलटा यायचा. असा उलटा छाप समोर ठेवून एखाद्या विद्यार्थ्याने टाकाने सराव केला असेल तर? तेव्हाही सगळे डावखुरेच दिसणार. आणि रानवाटासाहेबांची ती मान मूळ चित्रकाराची, आपल्या हातातला कागद नकलेची नक्कल.

मृण्मयी

काडी बरोबर जागी पडली. ही शक्यता मी लिहायला हवी होती.

मग दोन गोष्टी बघा. एक, चित्र पाटीवर उतरवताना पाठीला खडूची किंवा शिशाची पूड चोळायचे आणि बोथट सुईने रेषा गिरवायचे. सुईची चरी कागदात राहते. समोरून दिसत नाही. खोलीत अंधार करा, टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा.

दोन, मन बदलल्याच्या खुणा. नक्कल करणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, तो चुकत नाही. जो चित्र घडवतोय तो चुकतो. शाईच्या खाली खडूच्या किंवा शिशाच्या फिक्या रेषा शोधा, त्या शाईपासून कुठे फारकत घेतात ते.

औग्सबुर्गकर

काल रात्री केलं. मोठा मुलगा (वय ९) जागाच होता, टॉर्च त्याच्याकडे दिला.

चरी आहेत! घोडे, माणसं, कुत्रे, हरीण, सगळ्यांच्या बाह्यरेषेवरून बारीक घळ जाते. गंमत म्हणजे झाडांवर एकही नाही. ओकच्या बुंध्याला एक उभी चरी आहे, पानांना काही नाही.

आणि शिंगं. हरणाच्या शिंगांच्या वर, वीतभर नाही पण बोटभर उंचीवर, फिकट राखाडी रेषेत दुसरी शिंगं आहेत. ती मुलाला दिसली, मला नव्हे. आधी मान सरळ होती, समोर बघणारी. नंतर ती मागे वळवली.

रानवाटा

बघा. सांगितलं होतं.

टवाळ_टाक

माघार. टाक म्यान.

मृण्मयी

मी दोनदा वाचलं. ती दुसरी शिंगं ऐकून अंगावर काटा आला.

झाडांवर चरी का नाही, याचा माझा अंदाज: कोरणाऱ्याला माणूस-जनावर जागच्या जागी हवं, पानं तो पाटीवर स्वतःच्या हाताने रचणार. पण म्हणून झाडं दुय्यम समजू नका. फोटोत पर्णसंभार बघा. पुढच्या ओकला दाट शाई, उलट्यासुलट्या कमानींसारखे फटकारे. मधल्या झाडांना तीच शाई पाणी घालून. शेवटच्या रांगेला फक्त कुंचल्याचा ओला हात, रेषाच नाही. आणि उजेड? तो रंगवलेलाच नाही, तो कोरा सोडलेला कागद आहे. हरणाच्या पाठीवरचं पाणी चकाकतंय ना, तिथे काहीच काढलेलं नाही.

सतराव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार रुबेन्स, त्याचं एक रेखाटन पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, नुसतं एक कोसळलेलं झाड, खडू आणि टाकाने. माणूस नाही, जनावर नाही. तेच झाड पुढे त्याच्या, जर्मनीतल्या ड्रेस्डेनला असलेल्या, रानडुकराच्या शिकारीच्या चित्रात येतं आणि कुत्रे-माणसं त्याच्या फांद्यांत अडकून झुंजतात. म्हणजे आधी झाड नीट पाहून ठेवलं, शिकार त्यात नंतर घुसली. तुमच्या चित्रातही मला शिकाऱ्यापेक्षा तो ओक जास्त जवळून पाहिलेला वाटतो. शिकारी जरा ठोकळेबाजच आहे.

सायली_सातारा

ड्रेस्डेनवरून आठवलं. तिथून जवळच मोरित्सबुर्ग नावाचा शिकारवाडा आहे, तिथे आम्ही ६६ टोकांची शिंगं पाहिली. १६९६ साली ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने (तिथल्या राज्यकर्त्याने) मारलेलं हरीण. त्याखाली नवऱ्याने माझा जो फोटो काढला तो इथे टाकणार नाही.

मृण्मयी

त्या ६६ टोकांच्या हरणाचं छापचित्र रिडिंगरनेच केलंय! त्याच्या जन्माआधी मेलेलं हरीण. अचंबित करणाऱ्या हरणांची त्याची एक अख्खी मालिका आहे. चित्रात हरीण जिवंत आणि ऐटीत उभं असतं.

औग्सबुर्गकर, आता आमच्या अंदाजांवर थांबू नका. मोठ्या संग्रहालयांच्या कागदी चित्रांच्या विभागात वेळ घेऊन दाखवता येतं. किंमत सांगत नाहीत, पण बघतात.

औग्सबुर्गकर

तीन आठवड्यांनी अपडेट. उशिराबद्दल क्षमस्व.

एका संग्रहालयात वेळ मिळाली. तिथल्या बाईंनी कागद मऊ उशीवर ठेवला आणि पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, कागद अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला वाटतो, शाई दोन प्रकारची: रेषा लोहशाईच्या, वरची फिकट छटा बिस्टर. (बोरूबहाद्दर, तुमचं नाव घेतलं नाही पण मनात घेतलं.) हात औग्सबुर्गचाच. रिडिंगर? त्या हसल्या. "त्याच्या परिघातला" म्हणाल्या. शिकाऱ्याचा हात त्यांनाही ठोकळेबाज वाटला. जुळणारं छापचित्र त्यांच्याकडच्या खोक्यांत निघालं नाही, म्हणून त्यांनी फोटो ठेवून घेतले.

मुलालाही नेलं होतं. त्याने विचारलं, "छापलंच नसेल तर?" त्या म्हणाल्या, तसंही होतं. गिऱ्हाईक फिरतं, पाटी बिघडते, चित्रकार मरतो. मग हा कागद एकटाच उरतो, डावखुरा.

निघताना त्यांनी बजावलं: भिंतीवर कायमचं नको, लावलंच तर उन्हापासून लांब, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आत.

बोरूबहाद्दर

ओकच्या बुंध्याकडे लक्ष ठेवा. तिथे लोहशाई दाट आहे, कागद पहिल्यांदा तिथेच तुटेल. दमट हवा टाळा. मागची लाकडी फळी काढून आम्लमुक्त पुठ्ठा घाला, पण फळीवरचा पेन्सिलीचा आकडा फेकू नका, फळीसकट ठेवा. कुठल्या तरी जुन्या संग्रहाचा किंवा लिलावाचा असेल.

सायली_सातारा

वहिनी काय म्हणाल्या शेवटी?

औग्सबुर्गकर

बोळात लावलंय, जिथे ऊन येत नाही आणि पाहुणेही जात नाहीत. परवा ती स्वतःच उभी राहून बघत होती. म्हणाली, कुत्रे अकरा नाहीत, बारा आहेत. ओकच्या मुळाशी एकाची नुसती शेपटी दिसते. मी रात्री टॉर्च घेऊन पाहिलं. खरंच आहे.

सायकल अजून घ्यायची आहे.

निवांत पोपट

चर्चा छान झाली. पण फोटो कुणीतरी पुन्हा टाका हो.